सुहैलीचे सुतार

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अब्बांना सातपाटीत एका मिस्त्रींकडे काही काम होतं. माकुणसारहून केळवे, तिथून पुढे माहीम करत आम्ही तिथं पोचलो, तेव्हा मिस्त्री किनाऱ्यावर मोठ्या मचव्याच्या सांगाड्यात उभे होते. अब्बा बोलत राहिले आणि मी त्या सांगाड्याकडे पाहत राहिलो. एखाद्या प्रचंड माशाचं मांस खरवडून फक्त काटे ठेवावेत तसं ते दिसत होतं. तळाशी एक लांबच लांब तुळई होती. मी विचारलं, ही काय? मिस्त्री म्हणाले, ‘हा पठाण.’ मला हसू आवरेना. आमच्या नात्यात एक पठाण आडनावाचे गृहस्थ होते आणि त्यांच्यावर एवढं ओझं कुणी टाकलं असतं तर ते कधीच उठून गेले असते. पण आपल्या किनाऱ्यावर गलबताच्या कण्याला पठाणच म्हणतात. सगळी नाव त्याच्या जिवावर उभी राहते.

आणखी एक गोष्ट तेव्हा नजरेत भरली, तिचा अर्थ पुढे कळला. त्या मिस्त्रींजवळ कागद नव्हता. नकाशा नाही, आराखडा नाही. हातात वाकस, कानावर पेन्सिल. लाकडाकडे एक डोळा मिटून बघायचं आणि तासायचं. भोक पाडायला दोरीने फिरणारा सामता. त्या दिवसापासून समुद्राविषयी काहीही वाचायला घेतलं की मी आधी शोधतो ते नाव बांधणाऱ्याला. बहुतेक वेळा तो सापडत नाही.

मासेमारीची नाव आणि लांबच्या सफरीची नाव यांत मोठा फरक असतो. मासेमारीच्या नावेला घर जवळ असतं. वारा फिरला, फळी सुटली, तर ती परत येऊ शकते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहायचं असेल तर घर सोबत न्यावं लागतं. पाणी, धान्य, शिडाचं कापड, सुया, खिळे, औषधं. आणि काही मोडलं तर ज्याच्या हातात ती नाव आहे त्यालाच ते जोडता आलं पाहिजे. जोशुआ स्लोकम या कॅनडात जन्मलेल्या अमेरिकी कप्तानाला अशीच एक मोडकी होडी फुकट मिळाली होती. शेतात पडून राहिलेली. त्याने तेरा महिने खपून स्वतःच्या हाताने ती नव्याने बांधली आणि साहित्याचा खर्चही लिहून ठेवला : ५५३ डॉलर ६२ सेंट. त्याच ‘स्प्रे’मधून तो १८९५ साली निघाला आणि १८९८ साली जगाची प्रदक्षिणा करून परतला. एकट्याने हे करणारा तो पहिला. तिथं सुतार आणि कप्तान एकच होता, म्हणून सुताराचं नाव राहिलं.

आपल्याकडे असं झालं नाही. आमच्याकडून दक्षिणेला वैतरणा ओलांडली की अर्नाळा आणि आगाशी. सोळाव्या शतकात आगाशीची जहाजबांधणी नावाजलेली होती. पोर्तुगीजांनी ते गाव जाळलं, पण तिथल्या कारागिरीचं महत्त्व त्यांनाही पटलेलं होतं. त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. पुढे १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. मलबारचा साग आणि फळीला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात घट्ट बसवण्याची पद्धत, यामुळे ती जहाजं ओकच्या इंग्रजी जहाजांपेक्षा जास्त टिकत. १८१३ सालचं ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईचं, आणि १८४२ साली चीनला नमवणारा नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. त्या तहाचा अभिमान वाटावा असं त्यात काही नाही. सुताराने बांधलेल्या जहाजावर पुढे काय घडतं ते सुताराच्या हातात नसतं. १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशेहून अधिक वर्षांचा मुंबईचा साग!

या वाडियांपैकी जमशेटजींची एक आख्यायिका आहे. १८०० साली त्यांनी बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर त्यांनी गुपचूप कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे. त्यात गोऱ्यांच्या तोंडची एक शिवीसुद्धा जशीच्या तशी घातली होती. काही वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनीच ते अधिकाऱ्यांना हसत दाखवलं म्हणे. आख्यायिका खरी असो वा नसो, ती टिकून राहिली यालाच मी महत्त्व देतो. नाव कुठेतरी असावं, आत का होईना, एवढीच ती इच्छा आहे.

आता सुहैलीकडे येतो. १९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश दर्यावर्दी मुंबई-बसरा मार्गावरच्या बोटीवर अधिकारी होता. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना वाटलं, नोकरी संपली की स्वतःच्या नावेने घरी जावं. विकत घेण्याऐवजी मुंबईतच बांधून घेण्याचं ठरलं, कारण इथं साग होता आणि सागाला ओळखणारे हात होते. आराखडा मागवला इंग्लंडहून. आला तो भलताच. मागवलेला नव्हे, जुन्या घाटाच्या बुटक्या, जाड अंगाच्या बोटीचा. परत पाठवून दुसरा मागवायला वेळ नव्हता. मग हीच बांधू म्हणाले. कुलाब्याला मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि हाताचा सामता वापरून बत्तीस फुटी नाव उभी केली आणि डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात सोडली. ज्या हत्यारांनी सातपाटीचे मिस्त्री काम करत होते त्याच हत्यारांनी.

नाव ठेवलं ‘सुहैली’. इराणच्या आखातातल्या आग्नेयेच्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. मला मात्र या शब्दात आणखी एक गोष्ट ऐकू येते. अरबीत सुहैल हा तारा आहे, आणि तो म्हणजे आपला अगस्त्य. हिवाळ्याच्या रात्री माकुणसारच्या किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेला पाहिलं तर क्षितिजाच्या वर तो ठळक दिसतो. अरबस्तानात सुहैल उगवला की उन्हाळा सरला असं मानतात. आपल्याकडे अगस्त्य उगवला की पावसाळा सरतो आणि पाणी निवळतं. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी एका भाषेत, खलाशांचा वाटाड्या दुसऱ्या भाषेत, तारा एकच. मी दोन्ही शब्द घरात ऐकत वाढलो. शिवाय नाखवा, खलाशी, सुकाणू हे आपले रोजचे शब्दही त्याच समुद्राने फारसी-अरबीतून आणून दिलेले आहेत. त्यांना परके म्हणायला निदान कोळीवाड्यात तरी कुणी धजावणार नाही.

मुंबईहून सुहैली मस्कत, मोंबासा, डर्बन, केपटाऊन करत इंग्लंडला पोचली. वाटेत पैसे संपले म्हणून दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरीही करावी लागली. मग १९६८ साली कुठेही न थांबता एकट्याने जग फिरण्याची शर्यत जाहीर झाली. गंमत अशी की नॉक्स-जॉन्स्टनला सुहैली नकोच होती. तिला विकून पोलादाची मोठी, वेगवान नाव बांधायचा त्याचा बेत होता. पैसे उभे राहिले नाहीत आणि नाइलाजाने तो सुहैलीतूनच निघाला. दिवस होता १४ जून १९६८.

सुहैलीत दोष नव्हते असं नाही. अटलांटिकमध्येच तळाजवळच्या फटीतून पाणी येऊ लागलं. त्याने समुद्रात बुड्या मारून फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे दक्षिणेच्या महासागरात एका लाटेने नाव आडवी केली, केबिनचा सांधा हलला. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडून पडलं. रेडिओ बंद पडला. नाव मात्र फुटली नाही. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथ बंदरात परतला. नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा तो एकटा.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट हा एक इंग्रज होता. त्याने कर्ज काढून, घाईघाईने तीन सांगाड्यांची आधुनिक नाव बांधून घेतली. शर्यतीला निघण्याची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. त्या दिवशी अर्धवट तयार नावेतून तो निघाला, खोटे ठावठिकाणे कळवत राहिला, आणि शेवटी समुद्रात नाहीसा झाला. रिकामी नाव सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना दिले. नाव चुकीची निवडली म्हणून माणूस मरतो असं मी म्हणणार नाही, पण मुदत आणि कर्ज या दोन गोष्टींनी नाव बांधून घेऊ नये, हे तिथे दिसतं.

त्यानंतर चाळीस वर्षांनी हा धागा पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आला. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची इच्छा होती की भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नॉक्स-जॉन्स्टन २००६ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पुन्हा एका प्रदक्षिणेच्या शर्यतीला निघाला, तेव्हा त्याची नाव सज्ज करायला दोंदे शिकाऊ म्हणून गेले होते. आराखडा डच; बांधायचं काम घेतलं गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांनी. त्यांनी त्याआधी अशी सागरी शिडाची नाव बांधलेली नव्हती. बांधकामात दोंदे स्वतः रोज हजर. जिच्यावर जीव टाकायचा तिचा प्रत्येक सांधा आपण पाहिलेला असावा, हे स्लोकमचंच शहाणपण. लाकडी गाभा, वर फायबरचं कवच, छप्पन्न फूट लांबी. गोव्याच्या नदीवरून तिचं नाव ‘म्हादेई’ ठेवलं. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरं घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. त्याच नावेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. पुढे दांडेकरांनीच ‘तारिणी’ बांधली. तिच्यातून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये आणि दोन महिला अधिकारी २०२४-२५ मध्ये जग फिरून आल्या.

आणि सुहैलीची लाकडी प्रतिकृतीही दांडेकरांच्याच हातची, ‘थुरिया’. २०१८च्या शर्यतीत वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तेव्हाही थुरिया बुडालेली नव्हती.

दांडेकरांचं नाव आज लोकांना माहीत आहे, याचा मला आनंद आहे. कुलाब्याच्या त्या सुतारांच्या वाट्याला मात्र ते आलं नाही. सुहैली पुढे काही वर्षं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथं तिला पाहणाऱ्यांनी कप्तानाचं नाव घेतलं असणार.

दोन वर्षांपूर्वी मी सातपाटीच्या मिस्त्रींच्या मुलाला भेटलो. तोही सुतार, आता साठी उलटलेला. फायबरच्या होड्या आल्यापासून त्याला नव्या मचव्याचं काम मिळत नाही, तो दारं-खिडक्या करतो. वाकस त्याने ठेवली आहे. मी म्हटलं, तू आणि बाबांनी मिळून बांधलेल्या नावा सांग, मी लिहून घेतो. त्याने बोटांवर मोजत मालकांची नावं सांगितली, सतरा झाली. मी वहीत उतरवली आणि सगळ्यांच्या वर बापलेकांची नावं लिहिली. त्याने वही ओढून पाहिली आणि म्हणाला, ‘आमची कशाला? ही तर मालकांची यादी ना?’ पेपरात छापू नका म्हणाला, म्हणून इथं देत नाही. वहीत आहेत.