फालूनचा तांबडा रंग

घराला बाहेरून रंग द्यावयाचा तो शोभेसाठी, असा आपला समज असतो. स्वीडनचा इतिहास निराळी साक्ष देतो. फालून येथील तांब्याच्या खाणीतील टाकाऊ मातीपासून तेथे तांबडा रंग तयार होई. १७ व्या शतकात सरदारांनी तो आपल्या लाकडी वाड्यांना दिला. हेतू हा की, फळ्या विटांसारख्या दिसाव्यात! १९ व्या शतकात तो शेतकऱ्यांच्या घरांवर चढला, आणि टिकला तो वेगळ्याच गुणाने. पाणी, धान्याचे पीठ व जवसाचे तेल घालून शिजविलेला हा रंग लाकडातील ओल कोंडून ठेवीत नाही. म्हणून फळी सहसा कुजत नाही. १९९२ साली खाण बंद पडली. साठलेल्या मातीतून रंग अद्याप निघतो. आपल्याकडील चुन्याच्या जुन्या भिंतींवर तेलरंग चढविण्यापूर्वी आपणही एवढेच विचारावे : आतली ओल बाहेर कोठून पडणार?