बाळोत्यांची पिशवी

आज गटाच्या पाळणाघरातल्या एका अगदी साध्या वस्तूबद्दल बोलायचं आहे. खुंटीला अडकवलेली बाळाची कापडी पिशवी. तिच्यात लंगोट, दुपटं, एखाददुसरं जादा झबलं, चड्ड्या आणि हल्ली दोनतीन डायपर. ही पिशवी कशी लावायची ते आम्ही शेवटी सांगणारच आहोत. पण ती इथवर आली कशी, ते आधी ऐका. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण शाळेत शिकलो, बाळोत्यांचा कुणी शिकवला नाही.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बाळोती ही विकत आणायची वस्तूच नव्हती. सुती नऊवारी लुगडं अंगावर विरलं, की धड राहिलेला भाग गोधडीला जाई आणि मऊ पडलेला भाग बाळोत्यांना. लेक बाळंतपणाला माहेरी यायची म्हटलं की तिची आई आधीपासून जुनेर साठवू लागे. बाळाला पहिले कपडे दुसऱ्याच्या घरचे, वापरलेले घालायचे, ही रीत पुष्कळ घरांत अजून आहे. दृष्ट लागू नये म्हणून, असं म्हणतात. म्हणोत बापड्या, पण त्यात शहाणपणही आहे. कोऱ्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचतं आणि ओल टिपत नाही. दहा वेळा धुतलेलं कापड ओल लगेच पिऊन घेतं.

आता धुण्याचं. बाळंतिणीच्या खोलीतली बाळोती सोयराची, म्हणजे विटाळाची मानली जात. ज्या घरांची ऐपत होती तिथे ती सुईणीकडून धुवून घेत. आणि ही सुईण बऱ्याचदा अशा जातीची असे, की एरवी तिला त्या घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकता येत नसे. बाळाचं मळलेलं कापड तिने हातात घ्यायचं, पण पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही. बाकी घरांत बाळंतिणीची आई किंवा बाळंतीण स्वतःच ओढ्यावर जाई. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पाळणाघराची गोष्ट निघाली की अजूनही एखाद्या बैठकीत हळूच प्रश्न येतो, “कुणाकुणाच्या पोरांचे लंगोट धुवायचे?” हा प्रश्न स्वच्छतेचा नसतो. तो कुठून येतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

गावात निदान आजी होती, जाऊ होती, मोठी बहीण होती. मुंबईला गिरण्यांत गेलेल्या बायकांजवळ तेही नव्हतं. 1850 च्या दशकात तिथे कापडगिरण्या निघाल्या, आणि कोकणातून, घाटावरून गेलेल्या बायका कांड्या-रिळांच्या खात्यात कामाला लागल्या. तान्हं मूल चाळीत शेजारणीपाशी किंवा एखाद्या म्हातारीपाशी राही. ते दिवसभर रडू नये म्हणून त्याला बाळगोळी देत. बाळगोळीत अफू असे. मूल गुंगीत पडून राही, दूध मागत नसे. ओल्यात पडलं आहे हेही रडून सांगत नसे. पुढे तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी आणि सरकारी समित्यांनी हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. त्या आयांना नावं ठेवू नका. रोज बुडाला तर चूल पेटत नव्हती.

कारखान्यात मुलांसाठी खोली असावी, ही मागणी तेव्हापासूनची. 1934 च्या कारखाने कायद्याने प्रांतांच्या सरकारांना तसा नियम करायची मुभा दिली, पण मुभाच. पक्कं बंधन आलं ते 1948 च्या कायद्यात, कलम 48. साल अठ्ठेचाळीस, कलमही अठ्ठेचाळीस, लक्षात ठेवायला सोपं. जिथे 50 पेक्षा जास्त बायका कामाला असतील, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली हवी आणि मुलं सांभाळायला शिकलेली बाई हवी, असं त्यात होतं. 1976 साली हा आकडा 30 वर आणला.

पण त्या कलमातली एक बारीक ओळ आम्हाला फार मोलाची वाटते. मुलांचे कपडे धुण्याची आणि बदलण्याची सोय मालकाकडून करून घेणारे नियम राज्य सरकार करू शकतं, असं तिथे म्हटलं होतं. फुकट दूध किंवा खाऊ, अंगावर पाजायला आईला मधली सुट्टी, हेही त्याच कलमात होतं. म्हणजे ओला लंगोट बदलणं हे आईचं घरचं काम नाही, कामाच्या जागेचा तो खर्च आहे, असं देशाच्या कायद्यात 1948 सालीच लिहिलं गेलं.

यात आपण कुठे होतो? कुठेच नाही. हा कायदा कारखान्यापुरता होता. खुरपणीला जाणारी, द्राक्षाच्या बागेत विरळणी करणारी, ऊस तोडणारी बाई त्यात बसत नव्हती. बिडी कामगारांसाठी 1966 साली वेगळा कायदा झाला. त्यातही पाळणाघराचं कलम होतं. पण आपल्या सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बहुतेक बाया मांडीवर सूप घेऊन घरीच बसतात. घर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून पाळणाघर नाही. मूल तंबाखूच्या धुळीत शेजारीच रांगतं.

कायद्याची वाट न बघता काम करणाऱ्या बायकाही झाल्या. 1945 साली ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हे त्यांनी शिक्षणातच धरलं. पुढे 1957 पासून डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांचं काम चाललं. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवून पाहिली. दिल्लीत 1969 साली मीरा महादेवन यांनी राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं. त्यांचं हे फिरतं पाळणाघर 1972 साली मुंबईतही आलं.

त्याच 1972 साली आपल्याकडे दुष्काळ होता. खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या गोष्टी तुमच्या सासवांना विचारा. झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी हाच पाळणा आणि तेच बाळोतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला बसवावं आणि तिला मजुरी द्यावी, असं आलं. तुमच्या गावच्या कामावर अशी बाई कधी बसलेली पाहिलीत का?

आणि याच काळात लुगड्यातही बदल झाला. त्याकडे कुणाचं फार लक्ष गेलं नाही. 1970 नंतर नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या पाचवारी साड्या गावोगाव आल्या. धुवायला सोप्या, लवकर वाळणाऱ्या, टिकाऊ. बायकांचे कष्ट वाचले, हे खरं. पण ती साडी जुनी झाली तरी ओल टिपत नाही. म्हणजे फुकटची बाळोती पुरवणारी घरातली खाणच बंद झाली. त्यात आई रोजंदारीवर आणि पाण्याला टँकरची वाट. ही जागा डायपरने भरली. अमेरिकेत 1940 च्या दशकाअखेरीस मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईने न्हाणीघराच्या पडद्याचं प्लास्टिक शिवून लंगोटावरची चड्डी केली. टाकाऊ डायपर तिथे 1961 नंतर घरोघर गेले. आता आपल्या गावातल्या किराणा दुकानात सुटा डायपर मिळतो. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. दुपारच्या झोपेला, प्रवासाला तो कामाचा. पण सकाळी घातलेला संध्याकाळी घरी जाऊनच काढायचा, हे मात्र चालणार नाही. दर दोन तासांनी बघायचा, तीन-चार तासांवर ठेवायचा नाही आणि शी झाली की लगेच काढायचा.

आता पिशवी. आमच्या गटांत प्रत्येक मुलाला एक चित्र दिलं आहे. आंबा, छत्री, चिमणी. तेच चित्र पिशवीवर, खुंटीवर आणि कपड्यांच्या कडेला रंगीत दोऱ्याने. चित्र असलं की ज्या आईला वाचता येत नाही तिलाही आपली पिशवी कळते. पिशवीत सहा लंगोट, दोन दुपटी, कपड्यांचे दोन जोड. पावसाळ्यात लंगोट दहा, कारण वाळत नाहीत. ओल्यासाठी झाकणाची बादली वेगळी. लंगोट साध्या साबणाने धुवून दोनदा खळबळायचे, नाहीतर साबण राहून अंगाला पुरळ येतं, आणि कडक उन्हात वाळवायचे. दर वेळी ताईने साबणाने हात धुवायचे. शिवाय एक सामाईक पेटी, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं अशा गठ्ठ्यांची. मुलं भराभर वाढतात, म्हणून दर एक तारखेला सगळ्या पिशव्या उघडून तोकडे कपडे त्या पेटीत टाकायचे. तीन-चार सुती साड्या मिळाल्या तर पाळणाघराला वर्षाचे लंगोट होतात.

वापरलेला डायपर ओढ्यात नाही, शौचालयाच्या भांड्यात तर मुळीच नाही. घनकचरा नियमांप्रमाणे तो कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा आहे. कचरागाडी येत नसेल तिथे ग्रामसभेत विषय मांडा.

राहिला खर्च. भाडं, खाऊ, ताईचं मानधन हे फीमध्ये धरायला कुणाची हरकत नसते. साबण आणि पाणी म्हटलं की आवाज येतो, “तेवढं करेल की ती.” आमच्या नोंदवहीत आता साबण, पाणी आणि धुण्याचा एक तास, असे तीन रकाने जादा आहेत. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागतं, म्हणून चैत्र-वैशाखात त्या रकान्यातला आकडा वाढवावा लागतो.