वंशावळीच्या वाटा : लिंकन घराण्याचा माग

मार्च १८४८ मध्ये अमेरिकन काँग्रेसचा एक नवखा सदस्य वॉशिंग्टनहून आपल्या आजोबांविषयी पत्रे लिहीत होता. त्यांपैकी एक पत्र मॅसॅच्युसेट्समधील हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन ह्यांना होते आणि दुसरे व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीत राहणाऱ्या डेव्हिड लिंकन ह्यांना. सॉलोमन लिंकन ह्यांनी १८२७ साली आपल्या गावाचा इतिहास प्रसिद्ध केला होता, आणि आडनावाच्या साम्यावरून त्यांनीच ह्या अपरिचित सदस्याकडे चौकशी केली होती. उत्तर देणाऱ्या अब्राहम लिंकनपाशी सांगण्यासारखे फार थोडे होते. आजोबा व्हर्जिनियातून केंटकीला गेले, तेथे मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले, वडील सहाव्या वर्षी पोरके झाले आणि नव्या मुलखातल्या दारिद्र्यात निरक्षर वाढले. घराण्याची माहिती नसण्याचे कारण म्हणून त्याने एवढेच सांगितले. पुढे डिसेंबर १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तातही, न्यू इंग्लंडमधील लिंकनांशी नाते जोडण्याच्या प्रयत्नातून मॉर्डकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या साम्यापलीकडे काही हाती आले नाही, असे त्याने नमूद केले.

नाते मात्र खरे होते. ज्या गावाहून विचारणा झाली, त्याच हिंगममध्ये १६३७ साली इंग्लंडच्या नॉरफोकमधून सॅम्युअल लिंकन हा विणकरी शिकलेला तरुण येऊन राहिला होता, आणि काँग्रेसचा हा सदस्य त्याचा सातव्या पिढीतील वंशज होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी संशोधकांनी हा सांधा जुळवला, तो जमिनीचे दस्त व मृत्युपत्रे ह्यांच्या आधारे. लिंकनला निरुपयोगी वाटलेले नावांचे साम्य हाच त्यातला पहिला धागा ठरला. सॅम्युअलचा मुलगा मॉर्डकाय, त्याचा मुलगा मॉर्डकाय, पुढे पणतवंडांतही मॉर्डकाय. अमेरिकेच्या आरंभकाळातील कुटुंबे घरे मागे टाकीत, पण नावे बरोबर नेत.

ह्या घराण्याची वाट आरंभीच्या स्थलांतराचा जणू नकाशाच आहे. पहिला मॉर्डकाय लोहारकाम करणारा. दुसरा, १६८६ साली जन्मलेला, मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीत व तेथून पेनसिल्व्हेनियात गेला. लोखंडाच्या भट्ट्यांचा धंदा त्याला तिकडे घेऊन गेला असावा. आज बर्क्स काउंटीत मोडणाऱ्या भागात त्याने घर बांधले. शेजारी बून कुटुंब होते, आणि दोन्ही घराण्यांत सोयरीक झाली. मॉर्डकायच्या एका मुलाने १७६० साली अॅन बूनशी विवाह केला, तेव्हा पंथाबाहेर लग्न केल्याची कबुली अॅनला क्वेकर सभेपुढे द्यावी लागली. लिंकनने आत्मवृत्तात आपले पूर्वज क्वेकर होते असे लिहिले खरे, पण निदान ह्या शाखेपुरते सभेचे दप्तर वेगळे सांगते. गाव सोडणाऱ्या सभासदाला क्वेकर सभा दाखला देत आणि नवी सभा तो आपल्या नोंदवहीत उतरवून घेई. ज्यांचे पूर्वज खरोखर क्वेकर होते, अशांना त्यामुळे वाटेतला प्रत्येक मुक्काम सापडतो. इतरांच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही.

फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मग पोटोमॅक ओलांडून शेनँडोआच्या खोऱ्यातून कॅरोलिनाकडे उतरणारी गाड्यांची वाट, हा अठराव्या शतकातील वसाहतींचा मोठा दक्षिणमार्ग. ही वाट वसाहतकऱ्यांनी शोधलेली नव्हे. इरोक्वॉय योद्ध्यांच्या पायवाटेवरच ती उभी राहिली, आणि १७४४ च्या लँकेस्टर तहानंतर त्या खोऱ्यावरील त्यांचा हक्क कागदोपत्री संपला. १७५० साली बून कुटुंब ह्याच मार्गाने गेले. १७६८ साली मॉर्डकायचा मुलगा जॉन लिंकन व्हर्जिनियातील लिनव्हिल क्रीकपाशी येऊन स्थिरावला. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम ह्याने १७८० साली तेथील जमीन विकली, केंटकीतील जमिनीचे हक्क विकत घेतले आणि पश्चिमेची वाट धरली. डॅनियल बूनने १७७५ साली कम्बरलँडच्या खिंडीतून आखलेल्या मार्गाने हजारो कुटुंबे तेव्हा डोंगर ओलांडीत होती.

दंतकथेला येथे ऊत येतो. शिकारी, खिंड, बंदूक, जंगल! मात्र वंशावळीचा शोध घेणाऱ्याला ह्यातले काहीच पुरत नाही. त्याला पाहावी लागते ती मोजणी, कर आणि वारसा ह्यांची रुक्ष कागदपत्रे. लिंकनच्या आठवणीप्रमाणे आजोबा १७८४ च्या सुमारास मारले गेले, तर अभ्यासक ते वर्ष १७८६ मानतात. दोन वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. वडिलांची सारी जमीन थोरल्या मुलाला देणारा व्हर्जिनियाचा कायदा १७८७ च्या आरंभी रद्द झाला. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. मृत्यू त्याआधी घडल्यामुळे सारे थोरल्या मॉर्डकायकडे गेले आणि धाकटा टॉमस, राष्ट्राध्यक्षाचा पिता, हातावर पोट घेऊन भटकणारा मजूर झाला. हा टॉमस १८१६ साली ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेला. त्यामागे काही अंशी गुलामगिरी होती, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांची अडचण होती, असे लिंकनने १८६० साली लिहिले. केंटकीत झाडे, ओहोळ, दगड ह्यांच्या खुणांनी सीमा ठरत आणि एकाच जमिनीवर तीन-तीन दावे चढत. इंडियानातील सरकारी जमीन १७८५ च्या कायद्यानुसार चौरसांत मोजून विकली जात होती. १८३० साली बैलगाडीने हे कुटुंब इलिनॉयला पोहोचले.

जमीन हाती असलेल्यांचा माग इतका लागतो. स्त्रियांचा माग पतीने जमीन विकताना घ्याव्या लागणाऱ्या संमतीपुरता. कॅप्टन अब्राहमच्या पत्नीचे माहेर कोणते ह्याविषयी त्यामुळे दीर्घकाळ वाद चालला. १७९० पासूनच्या पहिल्या सहा जनगणनांत कुटुंबप्रमुखाचेच नाव आहे. प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव व जन्माचे राज्य लिहिले गेले ते १८५० पासून.

‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा. १८५० आणि १८६० साली गुलामांची यादी वेगळी झाली आणि तीत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग व वर्ण नोंदले गेले. लिनव्हिलला मागे राहिलेल्या लिंकन शाखेच्या स्मशानभूमीत घरातल्या पाच पिढ्यांबरोबर दोन गुलामही पुरलेले आहेत. ज्यांना लिंकनने १८४८ साली पत्र लिहिले, ते डेव्हिड ह्याच शाखेतले. त्याच खोऱ्यातून साखळीने जखडलेले जथे कापसाच्या मुलखाकडे पायी नेले जात होते. त्यांच्या वाटेवर दाखला नाही, दस्त नाही. असल्यास विक्रीची पावती, तीही मालकाच्या दप्तरात. त्यांच्या वंशजांचा शोध बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबतो, कारण मुक्त झालेल्यांची नावे त्या वर्षी प्रथम उतरवली गेली. मिसिसिपीतील एखाद्या वृद्धाच्या नावापुढे जन्मस्थळाच्या रकान्यात ‘व्हर्जिनिया’ असे लिहिलेले असते. शेकडो मैलांच्या चालीचा तेवढाच लेखी पुरावा.