पंचायत राज आणि पेन्शन: संसदेत काय चर्चा झाली आणि काय नुसतं अधिसूचनेने आलं

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचे धडे आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका. दरवर्षी शिकवताना एखादं पोरगं विचारतंच, "मॅडम, झेडपीच्या सरांना पगार झेडपी देते, मग पेन्शनपण झेडपीच देते का?" गेल्या वर्षी हाच प्रश्न एका मुलाच्या वालिदांनी पालकसभेत विचारला. ते स्वतः नगरपालिकेत नोकरीला आहेत. मुलाला दोन मिनिटांत उत्तर देता येतं. त्यांना दिलेलं उत्तर अर्धा तास चाललं, तरी पुरं झालं नाही. म्हणून हा लेख.

आधी घटनेत काय लिहिलंय ते पाहू. सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. राज्यसूचीतली ५ वी नोंद म्हणजे स्थानिक शासन. त्याच यादीतली ४२ वी नोंद म्हणजे राज्याच्या तिजोरीतून दिली जाणारी निवृत्तिवेतनं. म्हणजे दोन्ही गोष्टी राज्याच्या. कागदावर तरी दिल्लीचा त्यात हात नाही. पण गेल्या पस्तीस वर्षांत या दोन्ही बाबतीत आपल्या घरापर्यंत पोहोचलेले मोठे बदल दिल्लीतूनच सुरू झाले. फरक एवढाच की एक बदल संसदेत वाद घालून, एकदा हरून, दुरुस्त होऊन आला. दुसरा आधी लागू झाला आणि संसदेने त्यावर शिक्कामोर्तब करायला जवळपास दहा वर्षं घेतली.

पहिला बदल पंचायत राजचा. १५ मे १९८९ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी लोकसभेत ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. नगरपालिकांसाठीचं ६५ वं विधेयक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. काँग्रेसकडे तेव्हा लोकसभेत प्रचंड बहुमत होतं, त्यामुळे तिथे दोन्ही मंजूर झाली. राज्यसभेत मात्र ऑक्टोबर १९८९ मध्ये दोन तृतीयांश मतं भरली नाहीत आणि दोन्ही पडली. विरोधकांचा आक्षेप खेड्याला अधिकार देण्यावर नव्हता. दिल्ली राज्य सरकारांना बाजूला सारून थेट खाली हात घालतेय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या विधेयकात पंचायतींच्या निवडणुका केंद्रीय निवडणूक आयोगाने घ्यायच्या होत्या आणि हिशेबतपासणीत देशाच्या महालेखापालांची भूमिका होती. राज्यांना हे बोचणारच. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, विरोधकांचा हेतू राजकीय असेलही, निवडणूक तोंडावर होती, पण त्यांचा मुद्दा खरा होता.

कारण पुढे जे झालं त्यात तोच मुद्दा मान्य करावा लागला. नरसिंह राव सरकारने सप्टेंबर १९९१ मध्ये नवी विधेयकं आणली आणि ती संयुक्त संसदीय समित्यांकडे गेली. पंचायतींच्या समितीचे अध्यक्ष नाथुराम मिर्धा होते, नगरपालिकांच्या समितीचे के. पी. सिंह देव. नव्या मसुद्यात निवडणुकांचं काम प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे गेलं आणि हिशेबतपासणी राज्याच्या कायद्यावर सोडली. २२ डिसेंबर १९९२ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ही विधेयकं मंजूर केली.

तारीख वाचून आपल्या वाचकांच्या लक्षात आलंच असेल. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी. मुंबई जळत होती, आपल्या घरांत फिक्र वेगळीच होती. तेव्हा दिल्लीत पंचायतीवर काय मतदान झालं हे आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या गावीही नव्हतं. तरी आज मोहल्ल्यातून एखादी आपा नगरसेविका म्हणून निवडून जाते, ते त्या मतदानामुळे. निम्म्याहून अधिक राज्यांची मान्यता घेऊन ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि ७४ वी १ जून १९९३ पासून लागू झाली. महिलांना किमान एक तृतीयांश जागा, दर पाच वर्षांनी निवडणूक, राज्य वित्त आयोग हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. धर्माच्या नावावर राखीव जागा नाहीत. पण मागासवर्गीय नागरिकांसाठी जागा ठेवण्याची मुभा राज्याला आहे, आणि बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादऱ्यांना त्या जागांवरून उभं राहता येतं.

या दुरुस्तीत एक शब्द मात्र मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. कलम २४३ छ. राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार "देऊ शकेल". "देईल" नाही, "देऊ शकेल". अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षणही आहे. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आहेत. पण यातलं किती, कधी आणि पैशासकट द्यायचं की नुसतं काम द्यायचं, हे राज्य ठरवतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्याने आधीपासूनच होत्या आणि शाळाही त्यांच्याकडे होत्या. शिक्षक जिल्हा परिषदेचा, पण पगाराचं अनुदान राज्याचं आणि सेवेचे, पेन्शनचे नियमही राज्याचे. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं: कागद जिल्हा परिषदेतून निघतो, पैसा आणि नियम मंत्रालयातून.

पाच वर्षांनी निवडणूक हे बंधनही कसं वाकतं, ते आपण पाहिलंच. ओबीसी आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल आला, तो वाशीम जिल्ह्यातून सुरू झालेल्या प्रकरणातला. मग आकडेवारी, आयोग, प्रभागरचना यांत वर्षं गेली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. राज्यभर असंच. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. ज्यांच्या वॉर्डात तीन वर्षं नगरसेवकच नव्हता, त्यांना गटार तुंबल्यावर कुणाचं दार वाजवायचं हा प्रश्न पडला होता. घटनादुरुस्तीचा अर्थ पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतो.

आता पेन्शन.

जुनी पेन्शन म्हणजे काय, तर नोकरीच्या शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी रक्कम, त्यावर महागाई भत्ता, आणि मागे कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी वेगळी कपात नाही. सरकार त्या त्या वर्षीच्या उत्पन्नातून देतं. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. त्या काळी शिक्षक झालेल्या आमच्या अब्बांच्या पिढीने पेन्शनची कधी चिंता केली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारांना या खर्चाची धास्ती वाटू लागली. वाजपेयी सरकारने नवी योजना आणायचं ठरवलं, आणि तारीख पाहा, २२ डिसेंबर २००३ रोजी अधिसूचना काढली. पंचायत विधेयकं लोकसभेत मंजूर झाली त्याच तारखेला, बरोबर अकरा वर्षांनी. निव्वळ योगायोग. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदलं सोडून केंद्राच्या सगळ्या नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद. विधेयक नाही, मतदान नाही, संयुक्त समिती नाही. सेवाशर्ती बदलायला सरकारला कायदा लागत नाही, त्यामुळे हे बेकायदा नव्हतं. पण लाखो कुटुंबांचं म्हातारपण बदलणारा निर्णय राजपत्राच्या एका अंकातून झाला.

पुढे गंमत अशी की सरकार बदललं तरी योजना बदलली नाही. मनमोहन सिंग सरकारने डिसेंबर २००४ मध्ये पेन्शन नियामक प्राधिकरणासाठी वटहुकूम काढला आणि मार्च २००५ मध्ये विधेयक आणलं. ते अर्थ खात्याच्या स्थायी समितीकडे गेलं. पण सरकार ज्या डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं, त्यांचा विरोध होता. विधेयक पडून राहिलं आणि २००९ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. २०११ मध्ये पुन्हा आलं, पुन्हा स्थायी समिती, या वेळी अध्यक्ष यशवंत सिन्हा. लोकसभेने ते ४ सप्टेंबर २०१३ रोजी आणि राज्यसभेने ६ सप्टेंबरला मंजूर केलं. अर्थमंत्री पी. चिदंबरम होते आणि विरोधी बाकावरच्या भाजपचा पाठिंबा होता. डाव्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने कायदा केला. त्यामुळे आज कुणी एका पक्षाकडे बोट दाखवून भाषण ठोकत असेल तर दोन्ही तारखा त्याला विचारा.

या कायद्यातही एक वाक्य फळ्यावर लिहिण्यासारखं आहे. योजनेत लाभाची कोणतीही उघड किंवा गर्भित हमी नसेल, सभासदाने स्वतः विकत घेतलेली बाजाराधारित हमी सोडून. पंचायतीच्या कायद्यात "देऊ शकेल", पेन्शनच्या कायद्यात "हमी नसेल". सारी गोम या दोन जागी आहे.

हिशेबाने पाहू. समजा एका शिक्षकाचा शेवटचा मूळ पगार ६०,००० रुपये आहे. जुन्या पद्धतीत ३०,००० आणि वर महागाई भत्ता. एनपीएसमध्ये समजा त्याच्या खात्यात निवृत्तीपर्यंत ४० लाख जमले. त्यातले ६० टक्के, म्हणजे २४ लाख, तो हातात घेऊ शकतो. उरलेल्या १६ लाखांची वार्षिकी घ्यावीच लागते. ती सहा टक्क्यांनी मिळाली असं धरलं तर वर्षाला ९६,००० रुपये, महिन्याला ८,०००. भाव वाढले तरी हा आकडा आपोआप वाढत नाही. हातातले २४ लाख ज्याला नीट गुंतवता येतात त्याचं ठीक. आपल्याकडे बहुतेक घरांत ते मुलीच्या लग्नात, मुलाच्या धंद्यात नाहीतर आजारपणात जातात, हे कुणी सांगायला नको.

महाराष्ट्राने हीच वाट धरली. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस, जी पुढे एनपीएसला जोडली गेली. मी त्याच तारखेच्या पलीकडची. पश्चिम बंगालने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन चालूच ठेवली. राज्यसूचीतली ४२ वी नोंद आजही जिवंत आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. आपल्याकडे सगळ्यात अवघड जागी अडकले ते विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित शाळांत २००५ च्या आधी लागलेले शिक्षक, ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं. त्यांत उर्दू शाळांतलेही आहेत. नेमणूक तारखेच्या आधीची, अनुदान नंतरचं, मग पेन्शन कुठली? यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकाने या एका प्रश्नापायी नोकरीची शेवटची वर्षं फायली घेऊन फिरण्यात घालवली.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर? बरीच वर्षं ही नव्या योजनेची सगळ्यात कठोर बाजू होती. आमच्या एका सहकाऱ्याच्या मय्यतीनंतर त्यांच्या बेवेसोबत मी कार्यालयात गेले होते, तेव्हा "कुटुंब पेन्शन यांना नाही" हे वाक्य ऐकलं. मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. त्याच महिन्याच्या शेवटी राज्याने अशा कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान देण्याचा शासन निर्णय काढला. संपाची मुख्य मागणी पुरी झाली नाही, पण हे पदरात पडलं.

संसदेत तोवर वेगळाच संवाद चालू होता. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश यांनी जुनी पेन्शन परत आणायची घोषणा केली. त्यावर अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी, जे आपल्या मराठवाड्यातलेच, डिसेंबर २०२२ मध्ये लेखी उत्तर दिलं की जमा झालेली रक्कम राज्यांना परत करण्याची तरतूद कायद्यात नाही. २४ मार्च २०२३ रोजी वित्त विधेयक मांडताना निर्मला सीतारामन यांनी वित्त सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर केली. त्यातून एकीकृत पेन्शन योजना, यूपीएस, आली. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, त्यावर महागाई सवलत, निधनानंतर जोडीदाराला पेन्शनच्या ६० टक्के, आणि किमान १० वर्षं सेवेला महिना १०,०००. कर्मचाऱ्याची १० टक्के कपात मात्र चालूच. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली, महाराष्ट्राने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारायचं ठरवलं. आणि केंद्रात ती लागू कशी झाली? जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने. पुन्हा तेच.

संसदेतून आलं ते मार्च २०२५ मध्ये, वित्त विधेयकाच्या पोटात. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांमध्ये भेद करण्याचा सरकारचा अधिकार कायम करणारी कलमं त्यात जोडून मंजूर झाली. नकारा निकालाने ज्या भेदाला हरकत घेतली होती, त्याच्याच जवळचा हा विषय. पंचायत विधेयकासारखी वेगळी चर्चा, वेगळी समिती त्याच्या वाट्याला आली नाही.

ज्यांच्या घरी २००५ नंतरचा शिक्षक, शिपाई किंवा पालिकेचा कर्मचारी आहे त्यांनी सेवापुस्तक एकदा उघडून पाहावं. नेमणुकीची तारीख, शाळेला अनुदान मिळाल्याची तारीख, एनपीएसचा खाते क्रमांक आणि वारसनोंद, या चार गोष्टी त्यात आहेत का ते तपासावं. लग्नाआधी भरलेली वारसनोंद तशीच राहिलेली मी कितीदा पाहिली आहे. यूपीएससारख्या योजनेचा पर्याय भरायचा असेल तर त्याला मुदत असते. तो फॉर्म भरायच्या आधी आपल्या सेवेची वर्षं मोजा, कारण २५ आणि १० हे दोन आकडे तिथे सगळं ठरवतात.