स्फोट-जोखीम व्यवस्थापन, औद्योगिक

कारखाने, खाणी, गोद्या, कोठारे इ. कामाच्या ठिकाणी स्फोटाची शक्यता आधी ओळखणे, ती कमी करणे, स्फोट झालाच तर हानी मर्यादित ठेवणे आणि या सर्वांची लेखी नोंद ठेवणे, यांसाठी योजिलेल्या उपायांस औद्योगिक स्फोट-जोखीम व्यवस्थापन म्हणतात. स्फोटक द्रव्यांपुरताच हा विषय मर्यादित नाही. ज्वालाग्राही वायू, द्रवांची वाफ आणि पीठ, साखर, कोळसा किंवा ॲल्युमिनियम यांची बारीक धूळ हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळली असता एखादी ठिणगीही स्फोटास पुरेशी होते. मिथेनाच्या बाबतीत हे प्रमाण हवेच्या घनफळाच्या सु. ५ ते १५ टक्के, तर हायड्रोजनाच्या बाबतीत सु. ४ ते ७५ टक्के असते. धुळीचा स्फोट होण्यास इंधन, ऑक्सिजन व ठिणगी यांखेरीज धूळ हवेत तरंगत असणे आणि जागा बंदिस्त असणे आवश्यक असते. यांपैकी एक घटक दूर केला तरी स्फोट टळतो. या विषयातील बहुतेक उपाय याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

इतिहास : पिठाच्या स्फोटाचे पहिले शास्त्रीय वर्णन इटलीतील तूरिन येथील १७८५ च्या दुर्घटनेवरून काउंट मोरोत्सो यांनी केले. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये खाणीतील सुरक्षा-दीप तयार केला. इंग्लंडमधील हॅस्वेल येथील कोळशाच्या खाणीत १८४४ मध्ये ९५ कामगार मृत्यू पावले. त्या चौकशीत मायकेल फॅराडे व चार्ल्स लायेल यांनी कोळशाच्या धुळीमुळे स्फोटाचे स्वरूप उग्र झाल्याचे दाखवून दिले. तथापि त्यांच्या निष्कर्षांची खाणमालकांनी दीर्घकाळ दखल घेतली नाही. नोंद झाली, पण ती आचरणात उतरली नाही, असे या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळते.

भारतात स्फोटक द्रव्ये अधिनियम १८८४ मध्ये संमत झाला. निर्मिती, साठा, विक्री, वाहतूक व आयात यांवर त्याने परवान्याचे बंधन घातले. १८९८ मध्ये यासाठी स्वतंत्र खाते सुरू झाले. पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटना हे त्याचे आजचे नाव असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ मध्ये झाला. कोठाराचा नकाशा, वस्तीपासूनचे सुरक्षित अंतर, साठ्याची कमाल मर्यादा व आवक-जावक वही या बाबी परवान्याशी निगडित झाल्या आणि जोखमीच्या लेखी नोंदीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

मुंबई गोदीतील स्फोट : ही पद्धती मोडली गेल्यास काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज सु. १,४०० टन दारूगोळा व स्फोटके घेऊन व्हिक्टोरिया गोदीत आले होते. कराची येथे त्यावर कापसाच्या हजारो गासड्या व तेलाची पिंपेही चढविण्यात आली होती. शांततेच्या काळात स्फोटके गोदीबाहेर लहान नौकांवर उतरविण्याची प्रथा होती, परंतु युद्धाच्या निकडीमुळे ती बाजूस ठेवण्यात आली. जहाजावरील मालाची नोंद कागदोपत्री होती, पण स्फोटकांची सूचना देणारा लाल बावटा त्यावर लावलेला नव्हता. दुपारी आग लक्षात आल्यावर जहाज बाहेर न्यावे, जागीच बुडवावे की आगीशी झुंजत राहावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला व सु. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत. मृतांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापूस व स्फोटके एकत्र ठेवणे ही साठवणुकीतील चूक, तर धोक्याची माहिती प्रत्यक्ष झुंजणाऱ्यापर्यंत वेळीच न पोहोचणे ही नोंदपद्धतीतील चूक होय. दोन्हींचे मोल सारखेच ठरले.

स्वातंत्र्योत्तर काळ : कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३७ व्या कलमान्वये स्फोटक धूळ, वायू वा वाफ निर्माण करणारी यंत्रे बंदिस्त ठेवणे, धूळ साचू न देणे व प्रज्वलनाची साधने दूर ठेवणे बंधनकारक झाले. ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीवर, ती निर्धोक केल्याखेरीज, वितळजोडकाम करण्यास मनाई झाली. भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) अधिनियमात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगार व परिसरातील रहिवासी यांस देणे भोगवटादारावर बंधनकारक ठरले. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी सुरक्षा अहवाल व आपत्कालीन योजना आवश्यक केल्या. व्यावसायिक सुरक्षेविषयीची एकत्रित संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केली. यूरोपात १९९९ च्या निदेशाने प्रत्येक मालकास ‘स्फोट-संरक्षण दस्तऐवज’ तयार करणे भाग पडले.

दस्तऐवजाचे स्वरूप : अशा दस्तऐवजात पदार्थांचे गुणधर्म, प्रज्वलनाची संभाव्य साधने व कामाच्या जागेचे क्षेत्रवार वर्गीकरण यांचा समावेश होतो. वायू वा वाफ सतत असणारे क्षेत्र ०, अधूनमधून असणारे १ व क्वचित असणारे २ असे मानतात. धुळीसाठी २०, २१ व २२ हे क्रमांक वापरतात. क्षेत्रानुसार ज्वालारोधी विद्युत् उपकरणे, भूयोजन, वायुवीजन व दाबमोचन झडपा यांची निवड करतात. उष्ण कामाचा परवाना, तपासणीची नोंद व थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही हे त्याचे दैनंदिन अंग होय. कामाच्या पद्धतीत बदल झाला की दस्तऐवजही बदलावा लागतो.

मुळशी परिसर : माले हे गाव ज्या मुळशी तालुक्यात (पुणे जिल्हा) आहे, तेथे औद्योगिक प्रकल्पाचा पहिला परिचय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत् धरणाने झाला. १९२१–२४ चा मुळशी सत्याग्रह त्याविरुद्धच होता. खडकफोडीच्या सुरुंगाचा धोका कामगारास दिसतो व ऐकू येतो, रासायनिक द्रव्यांचा तसा दिसत नाही. पुढे पुणे–पौड–माले रस्त्यावरील पिरंगुट परिसरात कारखाने वाढले. याच तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी जलशुद्धीकरणाची रसायने तयार करणाऱ्या कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अशा रसायनांपैकी क्लोरीन डाय-ऑक्साइडासारखी ऑक्सिडीकारक द्रव्ये स्वतः इंधन नसली, तरी कागद, प्लॅस्टिक इ. पदार्थांचे ज्वलन ती तीव्र करतात. म्हणून ती वेष्टनसामग्रीपासून अलग ठेवणे व बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे राखणे अगत्याचे असते.

कायदा, शास्त्र व उपकरणे या तिन्हींत भर पडत गेली, तरी जोखमीची नोंद कार्यालयातील कपाटात राहिल्यास तिचा उपयोग होत नाही. ती कामगाराच्या भाषेत, त्याच्या कामाच्या जागी व त्याला समजेल अशी असणे हीच तिची खरी कसोटी होय.