कतारचा सिद्र आणि आपली बोर

कतार देशात शिक्षणाचे काम करणारी कतार फाउंडेशन ही संस्था 1995 साली निघाली. तिच्या चिन्हावर एक डेरेदार झाड आहे. दोह्यातील एका मोठ्या इस्पितळाला नावही त्याचेच, सिद्रा. हे झाड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या बोरीची चुलत बहीण. तसेच काटे, तशीच आठळी. फळ मात्र लहान. आखातात त्याला नबक किंवा कनार म्हणतात.

कतारात वर्षाला जेमतेम 75-80 मिलिमीटर पाऊस. तो खडकाळ माळावरून वाहत खोलगट जागी जिरतो, गाळही तिथेच साचतो. अशा जागेला रौदा म्हणतात. सिद्र वाढतो तो अशाच ठिकाणी, मुळे खोल घालून. त्याची सावली वाटसरूंना, पाला शेळ्या-उंटांना. वाळवून कुटलेला पाला पाण्यात फेसाळतो. शिकेकाई नसलेल्या त्या मुलुखात बायका त्यानेच केस धूत. मृताला अखेरची आंघोळ घालतानाही तो पाण्यात टाकतात.

लिनियसने 1753 साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यात येशूच्या काटेरी मुकुटाची दंतकथा आली. आपले ग्रंथ त्याहून कितीतरी जुने. मिश्नामधील दमाई या भागाच्या अगदी आरंभी 'रिमिन' हे फळ येते. अभ्यासक ते हेच मानतात. तिथे ते अशा फळांत मोजले आहे, की ज्यांच्या दशमांशाबद्दल शंका असली तरी सक्ती नाही. कारण ती बहुधा रानची, बेवारस. कोकणातली बोरे तरी कुणाच्या मालकीची होती? दगड मारील त्याची!

पुढे घाटावर रानबोरीवर डोळे भरून बागा झाल्या. उन्हाळ्यात छाटणी करायची, थंडीत फळ घ्यायचे. सोलापूर, नगरकडची उमराण बोरे बाजारात आली. जळगावच्या मेहरूणची गोडी वेगळीच.

हा हंगाम नेमका तू बिश्वातचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हान्नाबीच्या उरुसाला आपले लोक जात, तेव्हा वाटेत बोरी लगडलेल्या असत, आणि आमच्या घरी मलिद्याच्या ताटात बोरे हमखास. इथे आल्यावर त्यांची जागा सफरचंदाने घेतली. वास्तविक सिद्र इस्राएलातही आहे. हिब्रूत त्याला शेझाफ म्हणतात; अरावात ऐन हत्सेवाचे जुने झाड प्रसिद्धच आहे. नातवंडे त्याच्या शेजारून जातात, ओळखत नाहीत. फळात गर थोडा, चव आंबटगोड. पण ताटात मांडायला हरकत कसली? बेराखा तीच, झाडाच्या फळाची.