साथ ओसरल्यावर बैठकीला कोण बसतो?

२०२० च्या मे महिन्यात शिरोड्यात मुंबईचे चाकरमानी परतू लागले. त्यांना शाळांच्या खोल्यांतून वेगळे ठेवण्यात येत होते. त्यांत आमच्या बौद्धवाडीतला एक तरुण होता. मुंबईच्या एका कारखान्यात तो कंत्राटी मदतनीस. टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याचा रोज बुडाला. संध्याकाळी मी कुंपणाबाहेरून त्याची चौकशी करायला जात असे. ‘अर्थव्यवस्था पुन्हा सुरू करण्यासाठी सरकार उद्योगपतींशी चर्चा करीत आहे’ अशी बातमी त्याने मोबाईलवर ऐकली होती. त्याने मला विचारले, “गुरुजी, त्या बैठकीत आमचो कोण आसा?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी इतिहासात सव्वाशे वर्षे मागे गेलो. शिरोड्याचा इतिहास म्हटला की १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो आणि वि. स. खांडेकरांची शाळा आठवते. ते योग्यच आहे. पण या किनाऱ्याचा आणखी एक इतिहास आहे. मुंबईला घाम पुरवण्याचा आणि संकटात तिथून जीव घेऊन परतण्याचा. तो कोणी लिहिलेला नाही, कारण ज्यांनी तो भोगला त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. तो ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे तेरेखोलच्या खाडीपलीकडचे, बारदेशातले. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत यातली जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा, आणि वेंगुर्ले-शिरोड्याचा हा टापू त्याच जिल्ह्यात होता. गिरण्या रिकाम्या पडू लागल्या.

त्या वेळी मालकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. एरवी कामगारांना पगार महिन्याने मिळे, तोही काही आठवडे अडकवून ठेवलेला. अडकलेल्या पगारामुळे माणूस गिरणीला बांधलेला राही. प्लेगने ही दोरी तोडली. राहिलेल्या कामगारांनी रोजचा पैसा रोज मागितला आणि मालकांना तो द्यावा लागला. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी मालकांच्या माणसांनी चढाओढीने बोली लावली. गिरणीमालक संघाने एकजुटीचा आग्रह धरला, पण माणसांची गरज अशी होती की मालकच मालकाचा शब्द मोडू लागला. श्रमाची खरी किंमत मुंबईला त्या काही महिन्यांत कळली. साथीचा पहिला जोर ओसरताच मालकांनी काय केले? रोजची मजुरी बंद करून पुन्हा महिन्याचा पगार आणण्याची खटपट सुरू केली. कामगारांनी संप केले. मालकांच्या भाषेत ‘पूर्वस्थिती’ म्हणजे ती जुनी दोरी होती.

याच साथीत आणखी एक गोष्ट घडली. १८९६ च्या ऑक्टोबरात म्युनिसिपालटीने रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हुकूम सौम्य करण्यात आला. त्यामागे कमिशनर स्नो यांना एक मोठी धास्ती होती : भंगी आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर? व्यापाऱ्यांवाचून शहर काही महिने तग धरू शकत होते. मैला उचलणाऱ्यांवाचून ते आठ दिवसही राहण्याजोगे उरले नसते. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, त्याच्या पाठीवर राजधानी उभी होती आणि सरकारला ते ठाऊक होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. जोतीरावांचे सहकारी, गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे, रविवारची सुटी मिळवून देणारे. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महार वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचल्या होत्या. साथीत कष्टकऱ्यांची बाजू घेणारी माणसे अशी एकामागून एक निघून गेली.

मग पुनर्रचनेची वेळ आली. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधायची, असा त्याचा हेतू. विश्वस्तांमध्ये चेंबर ऑफ कॉमर्सचा एक प्रतिनिधी, गिरणीमालक संघाचा एक, पोर्ट ट्रस्टचा एक. गिरणी कामगाराचा? एकही नाही. शहर वाचवणाऱ्या झाडूवाल्याचा? तो प्रश्न कोणाच्या मनातही आला नसेल. परिणाम व्हायचा तोच झाला. पाडापाड आधी आणि भरपूर झाली, घरे मागाहून आणि थोडी झाली. उठवलेला गरीब शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहू लागला. ट्रस्टने पुढे चाळी बांधल्या हे खरे. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. पण ट्रस्टने दिलेल्या दहा बाय दहाच्या खोल्यांना चळवळीचे घर बनवले ते आमच्या माणसांनी.

आणखी एक हिशोब बाकी राहतो. प्लेगच्या दिवसांत माणसे मिळत नव्हती म्हणून मालक बोली लावीत होते. पण कापडखात्याचे दार अस्पृश्याला उघडले का? नाही. धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागते, मग विटाळ होतो, ही सबब तशीच टिकली. तीस वर्षांनी, १९२८ च्या संपातही बाबासाहेबांना हाच प्रश्न मांडावा लागला. टंचाईने मजुरी वाढते, पण टंचाईने जात जात नाही.

आता २०२० कडे पाहा. १७ एप्रिलला गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी चालवण्याची मुभा दिली, आणि जादा तासांना दुप्पट दर देण्याची गरज ठेवली नाही. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. ५ मे रोजी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी बांधकाम व्यावसायिकांची बैठक घेतली आणि लगोलग परप्रांतीय मजुरांच्या गाड्या रद्द झाल्या. ओरड झाल्यावर त्या पुन्हा सोडाव्या लागल्या. १८९७ चा मालक निदान बोली लावीत होता. २०२० मध्ये बोली लावण्याऐवजी गाडी बंद करणे सोपे वाटले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. तेही घरीच निघाले होते. महाराष्ट्रात जूनमध्ये सोळा हजार कोटींच्या गुंतवणुकीचे करार झाले. आमच्या शिरोडा-वेळागरच्या पंचतारांकित हॉटेलाच्या प्रकल्पालाही साथीच्याच काळात पुन्हा चालना मिळाली. त्या जमिनीचा वाद १९९० च्या दशकापासूनचा आहे.

कोणी म्हणेल, उद्योगपतींना विचारायचे नाही तर कारखाने उघडणार कसे? विचारा, जरूर विचारा. कच्चा माल, कर्ज, बाजार यांचा हिशोब त्यांना कळतो. पण भुकेचा हिशोब त्यांना कळत नाही. बुडालेला रोज त्यांच्या वहीत ‘बचत’ म्हणून लिहिला जातो. माझे म्हणणे एवढेच की ज्या बैठकीत गिरणीमालक संघाची खुर्ची आहे, तिथे झाडूवाल्याची, कंत्राटी कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईचीही खुर्ची हवी. ती दयेपोटी नको. साथीत शहर कोणी चालवले, या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरातून तो हक्क निघतो.

तो तरुण दिवाळीनंतर परत मुंबईला गेला. त्याच कारखान्यात, पूर्वीपेक्षा कमी रोजावर. त्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. आज देतो : बैठकीत आपला कोणी नव्हता. १८९८ मध्येही नव्हता. साथी पुढेही येतील. त्याआधी आपली संघटना अशी हवी की बैठकीची खुर्ची आपल्याला मागावी लागू नये, आणि आपल्यावाचून ती बैठक भरूच नये.